मुठीचं माप

मंडळी, आपल्या ग्रुपवर हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. लेकाला किंवा लेकीला बॉक्सिंग शिकायचंय, ग्लोव्हज कुठले घ्यायचे? मी दोन वर्षांपासून ऑफिस सुटल्यावर शिकतोय, म्हणून यावेळचा लेख त्यावरच.

धार-देवासच्या आपल्या घरांना आखाडा नवा नाही. पण कुस्तीला लंगोट आणि लाल माती पुरते, बॉक्सिंगचं तसं नाही. मूठ वळली की झालं, असं वाटतं खरं. पण सवय नसलेला ठोसा बऱ्याचदा करंगळीच्या बाजूवर पडतो आणि करंगळीमागचं तळहातातलं हाड मोडतं. डॉक्टर त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, पण ते मुरलेल्या बॉक्सरपेक्षा अनाडी हातालाच जास्त होतं. माझी रोजी की-बोर्डवर चालते. शाळकरी मुलांची तर हाडं अजून वाढताहेत. तेव्हा खरेदी जरा डोळसपणे करू या.

आधी ग्लोव्हज नाहीत, आधी पट्टी. हाताला गुंडाळायची ही कापडी पट्टी मोठ्यांसाठी १८० इंच, म्हणजे साधारण साडेचार मीटर लांब असते. मनगट, बोटांची पेरं आणि अंगठा ती बांधून ठेवते, आतला घामही शोषते. ती गुंडाळायला कोचकडून शिका. ग्लोव्हज घालून बघायचे तेही पट्टी बांधूनच. मोकळ्या हाताला नीट बसलेला ग्लोव्ह पट्टीवर घट्ट होतो.

आता औंस. पुष्कळांना वाटतं, बुटांच्या नंबरासारखं हे हाताचं माप आहे. तसं नाही. औंस म्हणजे एका ग्लोव्हचं वजन. १२ औंस म्हणजे ३४० ग्रॅम, १६ औंस म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. वजन वाढतं तशी साधारणपणे आतली गादी वाढते. स्पर्धेत १० किंवा १२ औंसचे वापरतात, म्हणून नवी मुलं तेच मागतात. पण सरावाचं गणित वेगळं. बॅगवर ठोसे मारायला बहुतेक मोठ्यांना १२ किंवा १४ औंस ठीक पडतात. जोडीदाराबरोबर सरावाची लढत, म्हणजे स्पॅरिंग करायचं तर १६ औंस, कारण तिथे समोरच्याचीही काळजी घ्यायची असते. लहान मुलांना याहून हलके लागतात. त्यांचं वय आणि वजन बघून कोचच सांगतील.

दुकानात चार गोष्टी तपासा. बोटांची टोकं आत वरपर्यंत अलगद टेकायला हवीत. मूठ जोर न लावता वळायला हवी. अंगठा ग्लोव्हला शिवून जोडलेला हवा, म्हणजे तो मागे मुरगळत नाही आणि कुणाच्या डोळ्यातही जात नाही. आणि पट्टा आवळल्यावर मनगट वाकता कामा नये. नाडीचे ग्लोव्हज जास्त घट्ट बसतात, पण बांधायला दुसरं माणूस लागतं. नवशिक्याने वेल्क्रोचेच घ्यावेत.

चामडं की रेक्झिन? टाटांचा चामड्याचा कारखाना गावात पाहिलेल्या देवासकरांना चामडं मी काय शिकवणार! ते टिकतं, हाताला सरावतं, पण महाग पडतं. मूल तीन महिने टिकतं का ते आधी बघा; तोवर चांगलं सिंथेटिक पुरे. जालंधर आणि मेरठ ही आपल्या देशातली खेळाच्या सामानाची मोठी केंद्रं, तिथला माल बाजारात भरपूर मिळतो. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची सोय आहे ना, ते बघून घ्या. नाहीतर इंदूरची चक्कर मारून घालूनच बघावे.

माझ्या तेरा वर्षांच्या पुतणीने बॉक्सिंगचं नाव काढलं तेव्हा आमच्या आईचा पहिला प्रश्न होता, “आणि डोक्याला लागलं म्हणजे?” तो प्रश्न अगदी योग्य आहे. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी ग्लोव्हज सक्तीचे केले, पण ग्लोव्ह मुख्यतः मारणाऱ्याचा हात वाचवतो. जाड गादीने ठोसा बोथट होतो, तरी डोकं हलायचं ते हलतंच. हेल्मेटनेही जखमा कमी होतात, मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. म्हणून आम्ही घरात ठरवलं, की सध्या फक्त दोरीच्या उड्या, पायांच्या हालचाली आणि बॅग. स्पॅरिंगचा विचार नंतर, कोच आणि डॉक्टर दोघांशी बोलून. पुतणीने तोंड वाकडं केलं, पण मान्य केलं. आई अजून पूर्ण राजी नाही, मात्र पट्ट्या धुऊन वाळत घालायचं काम तिनेच घेतलंय.

त्यावरून शेवटचं. सराव झाला की ग्लोव्हज बॅगेत कोंबून ठेवू नका. आतून पुसा, तोंड उघडं ठेवून पंख्याखाली वाळवा, कडक उन्हात नको. आपल्याकडे पावसाळ्यात तर हे रोज करा, नाहीतर आठवड्यात असा वास सुटेल की प्रतिस्पर्धी ठोशाआधीच आडवा!

ग्रुपवर प्रश्न जरूर विचारा. मुलाचं वय आणि वजन मात्र लिहा.