सहा महिने जिंकायचं आणि चार दिवसांत घरी जायचं?

मंडळी, आज नगरपालिका नाही, पाणीपट्टी नाही. आज अमेरिकेतलं बेसबॉल. हसू नका, शेवटी विषय ओळखीचाच निघेल.

माझा मावसभाऊ बाल्टिमोरजवळ राहतो. तिकडे गेल्यावर त्याचं क्रिकेट सुटलं आणि ओरिओल्स या तिथल्या संघाचं वेड लागलं. वेड म्हणायचं कारण असं, की हा संघ २०१८ मध्ये १६२ पैकी ११५ सामने हरला होता आणि २०२१ मध्ये ११०. तरी हा पठ्ठ्या बघत राहिला. मग २०२३ मध्ये त्याच संघाने १०१ सामने जिंकले, अमेरिकन लीगमध्ये पहिला आला. आणि ऑक्टोबरात, प्लेऑफच्या पहिल्याच मालिकेत, टेक्सास रेंजर्सने ३-० असं गुंडाळलं. ७ तारखेला मालिका सुरू, १० ला खेळ खलास. भावाचा फोन आला तेव्हा आपल्याकडे सकाळ होती. म्हणाला, "दादा, मग सहा महिने आम्ही काय केलं?"

त्या वर्षी शंभराच्या वर किंवा शंभर सामने जिंकलेले तीन संघ होते. अटलांटा १०४, बाल्टिमोर १०१, लॉस एंजेलिस डॉजर्स १००. तिघेही त्याच फेरीत बाहेर. तिघांनी मिळून त्या फेरीत एकच सामना जिंकला. अंतिम मालिकेत, म्हणजे वर्ल्ड सिरीजमध्ये, कोण? ९० विजयांचं टेक्सास आणि ८४ विजयांचं ॲरिझोना.

आता प्रश्न असा, की या प्लेऑफमध्ये अजून संघ घ्यावेत का? १९६८ पर्यंत दोन लीगचे दोन विजेते थेट वर्ल्ड सिरीज खेळायचे. १९६९ ला चार संघ झाले, १९९५ ला आठ, २०१२ ला दहा. २०२० मध्ये कोविडमुळे हंगाम ६० सामन्यांचा झाला, तेव्हा तर सोळा घेतले. त्यात २९ जिंकून ३१ हरलेले दोन संघ होते! २०२२ पासून बारा आहेत. मालकांना तेव्हा चौदा हवे होते. खेळाडूंच्या संघटनेशी बोलणी फिसकटली, मालकांनी ९९ दिवस टाळं लावलं आणि शेवटी बारावर तडजोड झाली. तो करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. चौदाचा आकडा पुन्हा पुढे येणार, याबद्दल मला शंका नाही.

कारण उघड आहे. प्लेऑफचे सामने वाढले की टीव्हीवाल्यांना विकायला माल वाढतो. आपल्याकडे दिवाळीत टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवणारे काय करतात? संघ वाढवा, प्रवेश फी वाढेल. हिशेब तोच, शून्यं जास्त.

मी सरसकट विरोधात नाही. १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने १०३ सामने जिंकले आणि घरी बसले, कारण त्याच विभागात अटलांटाचे १०४ होते. हाही अन्यायच. जागा वाढल्या की सप्टेंबरपर्यंत जास्त गावांत आशा टिकते, मैदानं रिकामी पडत नाहीत, हेही खरं.

पण बेसबॉलची गोष्ट वेगळी आहे. १०१ सामने जिंकलेला, म्हणजे उत्तम संघसुद्धा, ६१ हरलेला असतो. बास्केटबॉलमध्ये भारी संघ बहुतेक वेळा जिंकतोच, एक चांगला खेळाडू जवळजवळ पूर्ण वेळ मैदानात असतो. इथे मुख्य पिचर चार-पाच दिवसांनी एकदा चेंडू टाकतो. तीन किंवा पाच सामन्यांत कोण भारी हे कळतच नाही, छापा-काट्यापेक्षा थोडंसं बरं. ते कळावं म्हणून तर १६२ सामने! म्हणजे दार जितकं रुंद, तितकी त्या १६२ ची किंमत कमी. आणि ८४ जिंकून भागत असेल, तर ९५ जिंकण्यासाठी चांगल्या खेळाडूवर पैसे कोणता मालक घालेल? खेळाडूंच्या संघटनेची भीती हीच आहे, आणि मला ती रास्त वाटते.

आता आपलं आयपीएल बघा. दहापैकी चार संघ पुढे जातात, म्हणजे ४० टक्के. अमेरिकेत तीसपैकी बारा, तेही ४० टक्केच! फरक एवढाच, की आयपीएलमध्ये पहिले दोन संघ एकदा हरले तरी त्यांना दुसरी संधी मिळते. जपानच्या बेसबॉलमध्ये लीग विजेत्याला शेवटच्या फेरीत आधीच एका विजयाची आघाडी असते आणि सगळे सामने त्याच्याच मैदानावर होतात. अमेरिकेत पहिल्या दोघांना मिळते फक्त एका फेरीची सुट्टी. चौदा झाले तर प्रत्येक लीगमध्ये सात, म्हणजे ती सुट्टीही एकालाच.

म्हणून माझं मत, बारावर थांबा. वाढवायचेच असतील, तर आधी जपानसारखी आघाडी द्या, मग चौदाचं बोला.

भावाला हे सगळं फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "बरोबर आहे दादा, पण चौदा केले तर आमचा संघ पडत्या वर्षीही आत येईल ना?" आता याला काय बोलणार!