विसार देण्यापूर्वी

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वडीलधारे सांगत आले. घर पाहावे विकत घेऊन, असे मात्र कोणी म्हणून ठेवलेले नाही. त्या काळी मध्यम स्थितीतील गृहस्थ वडिलार्जित वाड्यात एखादा खण वाढवी, किंवा नोकरीच्या गावी भाड्याने राहून पेन्शन घेऊन घरी परते. विकत घेण्याचा प्रसंग क्वचितच येई. आज तो घरोघरी येतो. गेल्या दिवाळीत आमच्या पुतण्याने, जो सुप्याच्या एका कारखान्यात नोकरीस आहे, नगरातील नव्या इमारतीचे रंगीत पत्रक आमच्यापुढे ठेवले. (नगरचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले; परंतु आमची जीभ अद्याप वळत नाही, वाचकांनी क्षमा करावी.) पुतण्या म्हणाला, “काका, छत्तीस लाखांचे चौतीस करायला तयार आहेत. पण शनिवारपर्यंत विसार द्यायला हवा.”

हा शनिवार ऐकताच आम्हांस आमचीच जुनी गोष्ट आठवली.

१९९१ साली येथे पारनेरात आम्ही एका जुन्या माळवदाच्या घराचा सौदा केला. विकणारे दोघे भाऊ. बहात्तर हजारांवरून घासाघीस करीत पासष्ट हजारांवर आणले, तेव्हा आपण मोठे व्यवहारचतुर अशी आमची खात्री पटली. एका स्नेह्याने सुचविले की, नगरच्या वकिलाकडून कागद तपासून घ्या. तीनशे रुपये पडतील. आम्ही म्हटले, दोघे भाऊ सही करीत आहेत, आणखी काय तपासावयाचे? तीनशे रुपये वाचविले, खरेदीखत झाले, वास्तुशांतही झाली. दोन वर्षांनी त्या बंधूंच्या भगिनीची नोटीस आली. वडील वारल्यावर वारस तिघे होते. घर विकले दोघांनी. बाई स्वतः आमच्या दारी आल्या. अंगावर साधेच लुगडे, आवाजात राग नाही. म्हणाल्या, “मास्तर, भाऊ मला विसरले ते विसरले. तुम्ही तरी विचारायचं होतं.”

याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. संस्कृत शिकविणाऱ्या माणसास दायभाग हा शब्द चांगला ठाऊक होता. दाय कोणाकोणाचा हे मात्र त्याने पाहिले नव्हते. बाईंचे म्हणणे रास्त होते. त्यांच्या हिश्श्याचे निराळे खरेदीखत करून घेण्यास चौदा हजार रुपये लागले आणि त्यासाठी आमच्या घरातून सौभाग्यवतींच्या पाटल्या गेल्या. त्या अद्याप परत झालेल्या नाहीत. याविषयी त्या काही बोलत नाहीत, हेच अधिक लागते.

म्हणून एकत्र कुटुंबातील वाचकांस प्रथम हेच सांगावयाचे की, वडिलार्जित घर घेताना वंशावळ मागावी आणि त्यातील लेकींची नावे मोजावीत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी ही मुलाप्रमाणेच पहिल्या वर्गातील वारस झाली. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली तिला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क दिला. २००५ साली वडील हयात असण्याचे कारण नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तद्वत् अविभक्त घरातील एकाच भावाचा हिस्सा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. परक्या खरेदीदारास त्या घरात इतरांसमवेत राहण्याचा हक्क १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा देत नाही; त्यास वाटपाचा दावाच लावावा लागतो. असा हिस्सा स्वस्त का असतो, हे आता निराळे सांगावयास नको.

मिळकत पत्रिका अथवा सातबारा, त्यामागचे फेरफार, ‘इतर हक्क’ या रकान्यातील बोजा, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील मागील तीस वर्षांच्या नोंदी, एवढे जाणकार वकिलाकडून पाहून घेण्यास आजही जे पडते, ते घराच्या किमतीपुढे नगण्य असते. विसार पावतीने किंवा नुसत्या साठेखताने मालकी येत नाही. ती नोंदलेल्या खरेदीखतानेच येते.

आता पुतण्याचे नवे घर. त्यास वंशावळीची भीती कमी, तथापि दुसरे प्रश्न होते. विक्री करणाऱ्याने तोंडी हजार फूट सांगितले होते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली जे महारेरा प्राधिकरण २०१७ पासून आपल्या राज्यात काम करते, त्याच्या नोंदीत पाहता कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतील वापरावयाची जागा, भरली सहाशे ऐंशी फूट. चौतीस लाखांस भागिले, तर फुटास पाच हजार. शेजारच्या गल्लीत पूर्ण झालेली इमारत आहे. तेथील सातशे वीस फुटांचे घर छत्तीस लाखांस, म्हणजे तोही दर पाच हजारच. मग दोन लाखांची सूट गेली कोठे? शिवाय बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी पडतो, परवडणाऱ्या वर्गातील घरास एक टक्का व एरवी पाच. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर तो नाही. आणि ताबा मिळेपर्यंत भाडे चालूच. त्याच कायद्याने बांधणाऱ्यास करार नोंदविल्याखेरीज किमतीच्या एक दशांशाहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे पुतण्याने शनिवारवाल्यास विचारले. त्यानंतर शनिवार पुढे गेला.

कर्जाचे गणित आम्ही सुनेस व पुतण्यास पाटावर बसवून, शाळेत करवीत असू तसे, करावयास लावले. वीस लाख, व्याज शेकडा नऊ. वीस वर्षांच्या मुदतीस हप्ता सुमारे अठरा हजार आणि एकूण फेड सुमारे त्रेचाळीस लाख एकोणीस हजार. तेच पंधरा वर्षांस हप्ता सुमारे वीस हजार तीनशे, एकूण साडेछत्तीस लाख. दरमहा तेवीसशे अधिक सोसले, तर सहा लाख पासष्ट हजारांहून अधिक वाचतात. घासाघीस करून जे दोन लाख मिळत होते, त्यांच्या तिप्पट हे कागदावरच पडून होते. बदलत्या व्याजाच्या घरकर्जास मुदतीपूर्वी फेडल्याबद्दल बँकेस दंड घेता येत नाही. बोनसाचे पैसे तेथेच जावेत.

निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. पंधरा वर्षे ते पुरुषास विकू नये अशी अट होती, तीही २०२३ साली निघाली. चौतीस लाखांवर चौतीस हजार. आम्ही ही गोष्ट काढताच आमच्या मातोश्रींनी विचारले, “म्हणजे आम्ही सगळे तिच्या घरी पाहुणे का?” सूनबाईंनी उत्तर दिले नाही, चहाचे आधण ठेवले. हा प्रश्न घरात अद्याप निकालात निघालेला नाही, आणि आम्ही त्यात पडत नाही.

एकट्याने घर शोधणे हेही महागात पडते. मुंबईत गावदेवीस सारस्वत मंडळींनी १९१५ साली सहकारी गृहसंस्था उभारली, त्यात श्रीपाद सुब्राव तल्मकी यांचे श्रम होते. एकेकट्याने गेल्यास ज्यांचे चालले नसते, त्यांचे मिळून गेल्याने चालले. पुतण्याच्या कारखान्यातील तिघांस त्याच भागात घर हवे आहे असे कळले. आता चौघे मिळून बोलणी करणार आहेत.

आमचा तालुका अवर्षणाचा; पाण्यावाचून घर म्हणजे काय ते आम्ही जाणतो. दिवाळीत सर्वच विहिरी भरलेल्या असतात. म्हणून पूर्ण झालेल्या त्या इमारतीत वैशाखात जाऊन, टाकी किती वेळा भरते आणि टँकरचा खर्च कोणावर पडतो, हे वरच्या मजल्यावरील बायकांस विचारून येण्याचे ठरले आहे. सौभाग्यवतीही येणार म्हणतात. तोवर विसार दिलेला नाही.