अद्भुताची ओढ आणि मनातील संकोच

ग्रंथालयातून पऱ्या, राक्षस आणि मायावी नगरांचे पुस्तक घेताना ‘नातवासाठी नेतो आहे’ असे आपण सहज सांगून टाकतो. १९५२ पासून मराठीत निघू लागलेला ‘चांदोबा’ घरी येई तो मुलांच्या नावाने. पण दुपारच्या निवांत वेळी तो मोठ्यांच्याही हाती दिसे. चरित्र वाचणाऱ्याला कोणी कारण विचारीत नाही. अद्भुतकथा वाचणारा मात्र ते न विचारताच देऊ लागतो. असे का व्हावे?

एक कारण संस्कारांत आहे. व्रताची कहाणी फळाच्या आश्वासनाने संपते. कीर्तनातही पूर्वरंगातील निरूपणानंतरच उत्तररंगातील आख्यान येते. कथेने काहीतरी पदरात घातलेच पाहिजे, ही अपेक्षा अशी रुजते. दुसरे कारण श्रमाचे. आपल्या परभणी जिल्ह्यात कापूस-सोयाबीनचे हंगाम सांभाळणाऱ्या घरात रिकामा बसलेला माणूस डोळ्यांत खुपतो. पुस्तक घेऊन बसलेली सून तर अधिकच.

गंगाखेडवरून वाहणारी गोदावरी ज्या पैठणहून येते, तेथील सातवाहन राजाची एक आख्यायिका आहे. गुणाढ्याची सात लक्ष श्लोकांची ‘बृहत्कथा’ पैशाची भाषेत असल्यामुळे राजाने अव्हेरली. खिन्न गुणाढ्य रानात एकेक पान वाचून अग्नीत टाकू लागला. पशू चारा सोडून ऐकत राहिले व कृश झाले. त्यांच्या शुष्क मांसाने राजा आजारी पडला, तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला. तो धावत गेला, पण एक लक्ष श्लोकच उरले होते. याच कथापरंपरेतील ‘कथासरित्सागर’ सोमदेवाने ११व्या शतकात काश्मीरच्या सूर्यमती राणीच्या मनोरंजनासाठी रचला. एका प्रौढ स्त्रीचे मन रमावे, एवढे प्रयोजन त्याला पुरेसे वाटले.

‘हे तर पलायन!’ असा आक्षेप येईल. इंग्रज लेखक टॉल्किन यांनी १९३९ च्या व्याख्यानात कैद्याची सुटका आणि शिपायाचे पळून जाणे यांतील भेद दाखवला होता. तो घरीही तपासता येतो. पुस्तक मिटल्यावर आपण कामाकडे आणि माणसांकडे परततो का? वाचनापायी झोप, जेवण, औषधे वा संवाद वारंवार चुकत असतील, परतणेच नकोसे वाटत असेल, तर घरच्यांशी मोकळेपणाने बोलावे, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तसे नसेल, तर त्या तासाभराचा हिशेब कोणाला देण्याचे कारण नाही.

अशा वाचनाचे आरोग्यलाभ येथे मोजून दाखवता आले असते. पण तीही एक सबबच झाली असती. घरात कोणी अशा पुस्तकात रमलेले दिसले, तर ‘त्यातून काय बोध घेतला?’ असे विचारू नये. ‘पुढे काय झाले?’ असे विचारून शेजारी बसावे.