लाल शेरा

परवा भाच्याशी माझं चांगलंच वाजलं. विषय होता माझा सिबिल! तो म्हणाला, "मावशी, बारा हजार गेले असते तर गेले असते, कटकट तरी मिटली असती." मला ते पटलं नाही. का पटलं नाही, ते शांतपणे लिहून काढावं म्हणून आज बसले आहे.

झालं असं. घराचं छप्पर गळतंय म्हणून गेल्या वर्षी पेन्शनवर कर्ज काढायला बँकेत गेले. तिथला मुलगा संगणकात बघून म्हणाला, "काकू, तुमचा सिबिल बसत नाही." हे गुण ३०० ते ९०० या पट्टीत देतात, आणि माझे सहाशेच्याही खाली! आयुष्यभर दुसऱ्यांना गुण दिले, आणि सत्तरीनंतर स्वतःच नापास. त्या रात्री झोप लागली नाही.

भाच्यानेच मग अहवाल काढून दिला. (आपल्याकडे अशी माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. ही सोय २०१७ पासून आहे आणि मला पत्ताच नव्हता.) अहवालात दोन वाईट नोंदी होत्या. पहिली, एका फायनान्स कंपनीचं दुचाकीचं थकलेलं कर्ज. मला सायकलही धड चालवता येत नाही! कुणा नामसाधर्म्य असलेल्या बाईंचं कर्ज माझ्या नावावर चढलं होतं. दुसरी नोंद मात्र माझीच होती.

एका ओळखीच्याने 'सिबिल साफ करून देणारे' गृहस्थ गाठून दिले. दोन्ही नोंदी पुसतो म्हणाले. बारा हजार, निम्मे आगाऊ. मोह झाला, हे कबूल करते. पण पुसणार कसे, असं विचारलं तर धड उत्तर देईनात. तिथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

चौकशी केल्यावर कळलं की पहिली नोंद काढायला एक पैसा लागत नाही. २००५ च्या कायद्यानेच तो हक्क दिला आहे. माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची, ती नोंद आपली नाही हे सांगायचं. कंपनी स्वतःच्या मनाने काही बदलू शकत नाही, ती कर्ज देणाऱ्याला विचारते आणि त्याने चूक मान्य केली की दुरुस्ती होते. सगळ्याला मिळून ३० दिवस. एप्रिल २०२४ पासून तर त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. नाहीच ऐकलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी फायनान्स कंपनीलाही वेगळं पत्र लिहिलं, सोबत पॅनची प्रत जोडली. तेविसाव्या दिवशी ती नोंद गेली.

आता दुसरी. आमच्या शाळेतल्या एका बाईंना मी जामीन राहिले होते. त्यांच्या यजमानांच्या आजारपणात हप्ते थकले. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे सही करताना कोण वाचतं? बँकेचा तगादा माझ्याकडे आला. शेवटी ९६ हजारांऐवजी ६० हजारांवर तडजोड झाली आणि ते मी भरले. ३६ हजार वाचवले म्हणून मी घरात फुशारकीही मारली होती! अहवालात त्याच्यापुढे 'सेटल्ड' असा शब्द होता. मला वाटलं, चांगलाच शब्द आहे. पुढच्या बँकेला मात्र तो असा वाचता येतो की या बाईंनी सगळे पैसे दिलेले नाहीत.

आणि खरं तर नव्हतेच दिले.

भाच्याचं म्हणणं, तू मुळात कर्ज घेतलंच नव्हतंस, मग तुझ्यावर हा डाग का? वाईट मलाही वाटतं. पण बँक जे पैसे देते ते माझ्यासारख्याच कुणाच्या तरी ठेवीतले असतात. माझ्या ठेवीतून कुणाला कर्ज देताना बँकेने खरी माहिती बघावी असं मला वाटणार, आणि माझी माहिती मात्र पैसे देऊन पुसावी, हे कसं चालेल? शाळेच्या गुणपत्रकात खाडाखोड चालत नसे. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही. चूक झाली होती हेही दिसायचं आणि ती सुधारली हेही.

म्हणून ठेव मोडून मी उरलेले ३६ हजार भरले. बाकी नसल्याचा दाखला घेतला आणि सुधारित माहिती पाठवा म्हणून बँकेच्या मागे लागले. आता तिथे 'क्लोज्ड' आहे. थकलेल्या महिन्यांच्या खुणा तशाच आहेत, त्या काळानेच मागे पडतील. राहू देत.

तक्रार माझी एकच आहे. तडजोडीच्या कागदावर सही घेताना या एका शब्दाचा अर्थ कुणी सांगितला नाही. तो मराठीत, ठळक अक्षरांत लिहायला काय हरकत आहे? तो वाचला असता तर मी कदाचित तेव्हाच सगळे पैसे भरले असते.

भाचा अजून म्हणतो, "बाराऐवजी छत्तीस घालवलेस!" असो. तुम्ही तरी या रविवारी आपला अहवाल काढून बघा. आणि कुणाला जामीन राहिला असाल तर आधी ते पान बघा.