विश्लेषण : आईवडिलांपासून कायदेशीर सुटका मागता येते का?

समजा, एक मुलगी बारावीत आहे आणि तिला सतराचे वर्ष लागून सहा महिने झाले आहेत. घरात वडिलांची दारू, आईला आणि तिला मारहाण आणि परीक्षा झाली की ‘उजवून टाकू’ ही रोजची भाषा. मोबाइलवर शोधता शोधता तिला कळते, की अमेरिकेत तिच्या वयाची मुले न्यायालयात अर्ज करून आईवडिलांच्या ताब्यातून मोकळी होतात. तिला पडणारा पुढचा प्रश्न साधा आहे : आपल्याकडे असा अर्ज कुठे करायचा? उत्तर एका शब्दाचे आहे. कुठेच नाही. भारतीय कायद्यात अठरा वर्षांआधी सज्ञान ठरवून घेण्याची सोय नाही. मात्र एवढ्यावर थांबले तर तिच्यासाठी उघडी असलेली दोन-तीन दारेही दिसत नाहीत, आणि अमेरिकेतील सोय आहे त्यापेक्षा गोड वाटू लागते.

अमेरिकेतील ‘इमॅन्सिपेशन’ म्हणजे नेमके काय?

तिथे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कॅलिफोर्नियाचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथील कौटुंबिक कायद्यानुसार किमान १४ वर्षांच्या मुलाला स्वतः न्यायालयात अर्ज करता येतो. तो स्वेच्छेने आईवडिलांपासून वेगळा राहात असला पाहिजे आणि त्यास पालकांची संमती, निदान मूक संमती हवी. आपला पैशाचा व्यवहार तो स्वतः पाहात असला पाहिजे आणि उत्पन्न कायदेशीर मार्गाचे असले पाहिजे. आदेश मिळाल्यावर तो घरभाड्याचा करार करू शकतो, उपचारांना स्वतः संमती देऊ शकतो, दावा लावू शकतो. अभिनेत्री ड्र्यू बॅरीमोर वयाच्या १४ व्या वर्षी अशी मोकळी झाली. सिनेमात कमावणाऱ्या मुलांची अशी उदाहरणे गाजतात आणि त्यामुळे ही वाट सर्वांसाठी खुली असल्याचा समज होतो.

अटी नीट वाचल्या तर वेगळेच दिसते. ज्या मुलाकडे आधीच कमाई आणि छप्पर आहे, त्यालाच ही मोकळीक मिळते. मार खाऊन रात्री घराबाहेर पडलेल्या, खिशात शंभर रुपये असलेल्या मुलाला नाही. दुसरे म्हणजे या आदेशाने पालकांची पोसण्याची जबाबदारीही संपते. मूल बापापासून सुटते आणि बापही मुलापासून सुटतो. पुढे मूल निराधार झाले तर न्यायालय आदेश रद्द करू शकते, म्हणजे पुन्हा तेच घर. फ्रान्समध्ये १६ व्या वर्षी अशी मुक्ती मिळते, पण अर्ज आईवडिलांनी किंवा त्यांच्यापैकी एकाने करायचा असतो. ज्याच्यापासून सुटायचे त्यानेच दार उघडायचे!

भारतीय कायदा काय सांगतो?

१८७५ च्या सज्ञानता कायद्यानुसार वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की माणूस सज्ञान. त्याआधी केलेला करार मुळातच निरर्थक, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरीबीबी प्रकरणात सांगितले आणि आजही तेच चालते. दिवाणी दावा लावायचा तर ‘वादमित्र’ म्हणून कोणी तरी सज्ञान माणूस लागतो. गंमत अशी, की २०१६ च्या दुरुस्तीनंतरही चौदा वर्षांवरील मुलाला धोकादायक नसलेल्या ठिकाणी काम करता येते आणि दहा वर्षांवरील मुलाला बँकेत स्वतःचे बचत खाते चालवता येते. कमवायला आणि साठवायला मुभा आहे. त्या पैशातून खोली भाड्याने घ्यायला नाही.

पालकत्वाचा मूळ कायदा १८९० चा. पालक नेमण्यासाठी कोणी अर्ज करायचा याची यादी त्याच्या आठव्या कलमात आहे : पालक होऊ इच्छिणारी व्यक्ती, मुलाचे नातेवाईक किंवा मित्र, जिल्हाधिकारी. यादीत खुद्द मुलाचे नाव नाही. कलम १७ मध्ये एवढेच म्हटले आहे, की मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकते. वास्तविक मूल कोणाकडे राहील या वादात न्यायाधीश मुलाशी दालनात बोलतात, त्याचे म्हणणे ऐकतात. पण आई आणि वडील भांडत असतील तेव्हा. दोघे एका बाजूला आणि मूल दुसऱ्या बाजूला असेल, तर भांडण न्यायालयापर्यंत पोहोचतच नाही. उलट कलम २५ नुसार ताब्यातून निघून गेलेल्या मुलाला परत पाठवणे त्याच्या हिताचे आहे असे न्यायालयाला वाटले, तर त्याला अटक करून पालकाच्या हवाली करता येते.

मुलीसाठी या व्यवस्थेत आणखी एक बोचरी तरतूद आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या सहाव्या कलमानुसार विवाहित अज्ञान मुलीचा नैसर्गिक पालक तिचा पती. बालविवाह हा गुन्हा आहे, तरीही बापाच्या पालकत्वातून बाहेर पडण्याची जी वाट कायद्याच्या पुस्तकात उरली आहे ती नवऱ्याच्या पालकत्वात जाते. घरातल्या जाचाला कंटाळलेल्या मुली कोणाचा तरी हात धरून निघून जातात, तेव्हा त्याला सरसकट ‘प्रेमप्रकरण’ म्हटले जाते. त्यातल्या किती जणींना फक्त बाहेर पडायचे होते, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही.

घर सोडले तर काय होते?

पालक पोलीस ठाण्यात जातात. हरवलेल्या मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेल्या निर्देशांनंतर अशा तक्रारीवर थेट गुन्हा नोंदवला जातो. मानवी तस्करी रोखायची तर तो नियम योग्यच आहे. पण त्यामुळे मैत्रिणीच्या आईने दोन दिवस घरात ठेवून घेतले तरी अपहरणाचे कलम तिच्या दारात उभे राहू शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून संमतीविना नेणे हा गुन्हा आहे. मूल स्वतः तयार होते, हा बचाव सहसा चालत नाही.

‘सहसा’ म्हणण्याचे कारण १९६५ चा एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य हा निकाल. सज्ञान होण्याच्या उंबरठ्यावरची, शिकलेली, आपण काय करतो हे समजणारी मुलगी स्वतःहून घराबाहेर पडली आणि आरोपीने तिला फूस लावली नाही, केवळ सोबत येऊ दिले, तर ते ‘नेणे’ ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. सतरा वर्षांच्या मुलीला स्वतःचे मन असते, हे न्यायालयाने साठ वर्षांपूर्वी मान्य केले. मात्र त्याचा लाभ आरोपीला सुटण्यासाठी झाला. मुलीला राहण्यासाठी त्यातून काही मिळाले नाही.

मग दाद कुठे मागायची?

बाल न्याय अधिनियम, २०१५ हे खरे उत्तर आहे आणि ते मुलांना कोणी सांगत नाही. ज्याच्यासोबत मूल राहते त्यानेच मारले, छळले, दुर्लक्ष केले किंवा वयाआधी लग्न लावण्याचा घाट घातला, तर ते मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ ठरते. अशा मुलाला बाल कल्याण समितीपुढे कोणी हजर करायचे याची यादी कलम ३१ मध्ये आहे. पोलीस, सामाजिक कार्यकर्ता, डॉक्टर यांच्याबरोबर त्यात ‘मूल स्वतः’ असाही उल्लेख आहे. १८९० च्या यादीत नसलेले नाव सव्वाशे वर्षांनी या यादीत आले. वादमित्र नको. १०९८ वर फोन केला तरी यंत्रणा हलते. घरच्यांची क्रूरता कलम ७५ खाली गुन्हाही ठरू शकते.

समितीला चार महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. इथे मुलांची भीती सुरू होते. लोकांच्या तोंडी अजूनही ‘रिमांड होम’ हाच शब्द आहे. बालगृह वेगळे आणि कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलांचे निरीक्षणगृह वेगळे, हे पालकांनाही ठाऊक नसते. शिवाय मूल कुटुंबात परत जावे हे बालगृहाचे प्रमुख उद्दिष्ट असल्याचे कायद्यातच लिहिले आहे. लहान मुलासाठी ते रास्त आहे. सतरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत समुपदेशन, बापाची हमी आणि पुन्हा त्याच घरात रवानगी हा क्रम तिने आधीच ओळखलेला असतो. म्हणून ती फोन करत नाही.

काय बदलायला हवे?

अमेरिकेचा कायदा उचलून आणण्यात अर्थ नाही. आपल्याकडे वडिलांकडून पोटगी मागण्याचा अज्ञान मुलाचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे आणि मुक्तीच्या नावाखाली तो घालवणे मूर्खपणाचे ठरेल. गरज आहे ती मधल्या टप्प्याची. सोळा ते अठरा वयोगटातील मुलाला समितीपुढे स्वतःच्या सहीने अर्ज करता यावा. समितीला ‘घरी’ आणि ‘बालगृहात’ या दोन पर्यायांपलीकडे वसतिगृह, मावशी-आत्याचे घर किंवा देखरेखीखालील खोली असा आदेश देता यावा आणि खर्च वडिलांकडून वसूल व्हावा.

हे अशक्य मुळीच नाही. महाराष्ट्र सरकारच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना अकरावीपासूनच बाहेर राहण्या-जेवण्यासाठी थेट पैसे दिले जातात. सोळा वर्षांचे मूल घराबाहेर राहून शिकू शकते, हे सरकारने तिथे गृहीत धरलेच आहे. शिक्षणासाठी जे चालते ते जिवाच्या भीतीसाठी का चालू नये?

आणखी एक छोटी गोष्ट, जी कोणत्याही विधेयकाशिवाय होऊ शकते. घर सोडलेल्या मुलीचे शिक्षण बहुधा मारहाणीने तुटत नाही, कागदाने तुटते. उत्पन्नाचा दाखला वडिलांचा, जातीच्या दाखल्यासाठी कागदपत्रे वडिलांकडची, प्रवेश अर्जावर सही पालकाची. बाप फक्त सही करायला नकार देतो आणि वर्ष वाया जाते. समितीच्या आदेशाची प्रत ही पालकाच्या सहीऐवजी ग्राह्य धरावी, असे परिपत्रक शिक्षण आणि महसूल विभागांनी काढले तरी त्या सतरा वर्षांच्या मुलीची पुढची प्रवेश फेरी चुकणार नाही. समितीपुढे तिच्याकडे सहाच महिने उरलेले असतात, आणि चौकशीलाच चार लागतात.