घरामागची दहा बाय पंधरा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्याकडचे बरेच लोक पक्षी बघायला कर्नाळ्याला जातात. जावं की! पनवेलहून जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. अभयारण्य १९६८ सालचं, क्षेत्रफळ सुमारे १२ चौरस किलोमीटर. पण गंमत अशी, की कर्नाळ्याला दुर्बीण घेऊन जाणारी हीच मंडळी घरी येऊन परसात पेव्हर ब्लॉक घालतात.

नवीन पनवेल सिडकोने वसवलं, त्याआधी इथे भातशेती होती. आमच्या रो हाऊसच्या मागे त्या मातीचा दहा बाय पंधरा फुटांचा तुकडा उरलाय. त्यात एक शेवगा, एक कढीपत्ता, लिंबाचं झाड, दोन गावठी कोंबड्या आणि मनी नावाची मांजर. बस्स. बाग वगैरे काही म्हणता येणार नाही.

पण एप्रिल-मे मध्ये तिथे बसून बघा. पहाटे दयाळ गातो, ऊन तापलं की तांबटाचं टुक-टुक सुरू. चिमण्या कोंबड्यांनी उकरलेल्या धुळीत लोळून अंघोळ करतात. भारद्वाज कुंपणाच्या कडेने एखाद्या इन्स्पेक्टरसारखा चालत जातो, गोगलगाय दिसली की मटकावतो. कढीपत्त्यावर आणि लिंबावर फुलपाखरांच्या अळ्या पानं कुरतडत असतात. आई म्हणते, "खाऊ देत, आमटीला कितीसा लागतो?"

खरी गोम या अळ्यांपाशी आहे. हल्ली गॅलरीत दाण्यांचं भांडं टांगायची पद्धत आलीये. चांगलीच आहे. पण चिमणी स्वतः दाणे खात असली तरी अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिल्लांना मुख्यतः किडे-अळ्याच भरवते. त्या पाकिटात मिळत नाहीत. त्या पाल्यात, मातीत, पाचोळ्यात असतात, म्हणजे नेमकं आपण ज्याला कचरा म्हणतो त्यात. माती झाकायची आणि वर बाजरी ठेवायची, हे मला तरी पटत नाही.

आता साप. "तुमच्या पाचोळ्यामुळे साप येतात," असं शेजारचे काका म्हणतात. त्यांचं अगदीच चूक नाही. गेल्या मे महिन्यात चांगली लांब धामण भिंतीलगत दिसली होती. धामण बिनविषारी, उंदरांवर जगणारी. पण उंदरांमागे नाग, घोणसही येऊ शकतात, तेव्हा ओळख पटवायला जवळ जाऊ नये, लांब राहून सर्पमित्राला बोलवावं. मात्र उंदीर पाचोळ्यापेक्षा उघड्या खरकट्यावर पोसतात. आमच्या गल्लीच्या टोकाला ते भरपूर असतं, आणि तिथे ब्लॉक घातलेलेच आहेत! म्हणून मी पाचोळा झाडाच्या बुंध्याशी ठेवतो, वाटेवर नाही, आणि कोंबड्यांचं खाणं संध्याकाळी उचलून ठेवतो.

मनीचा प्रश्न जास्त अवघड. मांजर पोट भरलेलं असलं तरी शिकार करतं. दूध-मासे देऊन तिचा स्वभाव बदलत नाही. पिल्लं घरट्याबाहेर पडायच्या दिवसांत मी तिला सकाळ-संध्याकाळ घरात कोंडतो. ती दारामागे जो काही टाहो फोडते, त्याने सगळी गल्ली जागी होते. पण मांजरही हवं आणि बुलबुलही हवेत, तर एवढं ऐकून घ्यावं लागतं. पाण्याचं भांडं मनीची उडी पोहोचणार नाही एवढं उंच टांगलंय, पाणी रोज बदलतो, नाहीतर डास होतात.

आमच्या ओळीतल्या आठ परसांपैकी पाच झाकून झालीत, सहावं काकांचं. "सोबत केलंत तर दर कमी पडेल," असं ते दोनदा म्हणाले. मी नको म्हटलं. पण त्यांच्या बाजूच्या शेवग्याची एक वाळकी फांदी त्या कामात छाटायची आहे. तांबटाने तीत खालून नाण्याएवढं गोल भोक पाडलंय आणि आतून आवाज येतोय. तांबटाला ढोलीसाठी अशी वाळलेलीच फांदी लागते, हिरवी चालत नाही.

काकांना म्हटलं, पिल्लं उडेपर्यंत तरी थांबा, आणि भिंतीलगत दीड फुटाची पट्टी मातीची सोडा. काकूंनी लगेच मान डोलावली. काका "बघू" म्हणालेत. ब्लॉकवाला मंगळवारी येतोय.