सादरीकरणातील छायाचित्रे व फाईलचा भार

गतवर्षी एका चर्चासत्रात नागकेशराच्या भेसळीवर सादरीकरण होते. वक्त्या वैद्य भगिनींचा अभ्यास उत्तम होता. परंतु प्रत्येक स्लाईड पडद्यावर येण्यास इतका विलंब होऊ लागला की पंधरा मिनिटांपैकी सहा मिनिटे प्रतीक्षेतच सरली. खऱ्या नागकेशराचे पुंकेसर आणि तांबडे नागकेशर म्हणून विकल्या जाणाऱ्या सुरंगीच्या कळ्या यांची तुलना दाखवण्यापूर्वीच घंटा झाली. चातुर्जातासाठी हे द्रव्य खरेदी करणारे कित्येक औषधालयचालक केवळ तेवढ्यासाठी आले होते.

दोष संगणकास दिला गेला. आमच्या मते तो छायाचित्रांचा होता. मोबाइलवर काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० × ३०००, अर्थात १ कोटी २० लाख बिंदू. साठवताना तो दाबलेला असल्याने तीन-चार एमबीचाच दिसतो. पडद्यावर आणताना मात्र संगणकास तो उलगडावा लागतो आणि प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरल्यास तो मेमरीत सुमारे ३६ एमबी जागा व्यापतो. एका स्लाईडवर असे सहा फोटो असतील तर दोनशे एमबीहून अधिक! आणि फुल एचडी प्रोजेक्टर दाखवतो किती? १९२० × १०८०, म्हणजे जेमतेम २१ लाख बिंदू. उरलेले ओझे संगणकाने व्यर्थ वाहायचे.

या अनुभवानंतर आयोजकांनी 'फाईल १० एमबीच्या आत हवी' असा नियम करण्याचे योजले आहे. हेतू चांगला आहे, तथापि नियम आम्हास मान्य नाही. मर्यादा गाठण्यासाठी फोटो इतके दाबले जातील की केसर आणि कळी यांतील भेदच पुसट होईल. मग ते दाखवायचे कशाला? नियम मापाचा असावा. जो भाग दाखवायचा तेवढाच आधी कापून घ्यावा, त्याची रुंदी १९२० बिंदूंपेक्षा अधिक नसावी, आणि मगच तो स्लाईडमध्ये घालावा.

पॉवरपॉइंटमध्ये घातल्यानंतर फोटो कापला तर झाकलेला भाग फाईलमध्ये तसाच राहू शकतो. 'कॉम्प्रेस पिक्चर्स' या सोयीने तो काढून टाकावा लागतो. त्वचाविकाराच्या फोटोतून रुग्णाचा चेहरा 'कापून' फाईल इतरांस देणाऱ्या वैद्यबंधूंनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

पेनड्राइव्हवरूनच सादरीकरण चालवण्याची सवयही सोडावी. फाईल आधी संगणकावर उतरवून घ्यावी.

त्या भगिनींना आगामी चर्चासत्रात पुन्हा पंधरा मिनिटे द्यावीत, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे.